लोनोमिया पतंगाची अचूक ओळख

विदर्भाच्या वनांतील ऐन वृक्षांवर वाढणारा टसरचा पतंग ज्या कुळात मोडतो, त्याच कुळातील लोनोमिया नावाचे पतंग दक्षिण अमेरिकेत आढळतात. टसरची ख्याती रेशमासाठी आहे, तर लोनोमियाची त्याच्या सुरवंटाच्या विषासाठी. हे सुरवंट दिवसा झाडाच्या खोडावर घोळक्याने बसतात. त्यांचा रंग सालीशी इतका मिळताजुळता असतो की, नकळत त्यांवर हात पडतो आणि काटेरी केसांतील विष शरीरात भिनते. त्यामुळे अंतर्गत रक्तस्राव होऊन मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात व प्रसंगी मृत्यूही ओढवतो. १९८९ पासून ब्राझीलच्या रिओ ग्रांदे दो सुल या राज्यात अशा दुर्घटना मोठ्या संख्येने नोंदल्या गेल्या.

या सुरवंटांची जात ओळखणे महत्त्वाचे आहे, कारण सर्वांचे विष सारखे नसते. दक्षिण ब्राझीलमधील 'ऑब्लिक्वा' या जातीचे विष रक्त गोठविणारी क्रिया अकारण सुरू करून त्यासाठी लागणारे घटक संपवून टाकते. व्हेनेझुएलाकडील 'अकेलूस' जातीच्या विषात रक्ताची गुठळी विरघळविण्याचा गुण प्रामुख्याने दिसून आला. परिणाम दोहोंचा रक्तस्रावच. मात्र कारण भिन्न असल्याने एका ठिकाणचा उपचार दुसरीकडे लागू पडेलच असे नाही. साओ पावलो येथील बुतांतान संस्थेने १९९० नंतरच्या दशकात तयार केलेले प्रतिविष ऑब्लिक्वाच्याच केसांतील विष घोड्यांना टोचून सिद्ध केले जाते.

पतंगांवरून जात ठरविणे सोपे नाही. सर्वांचेच पंख वाळक्या पानासारखे असून त्यांवर पानाच्या मधल्या शिरेसारखी रेघ असते. शिवाय एकाच जातीच्या नर-मादीच्या रंगांतही ठळक फरक असतो. म्हणून केवळ रंगावर विसंबून चालत नाही. नराच्या जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे, पतंग कोठे सापडला याची नोंद ठेवणे आणि अंड्यापासून पतंगापर्यंत संगोपन करून सुरवंट कोणत्या जातीचा हे निश्चित करणे, या पद्धती रूढ आहेत. अलीकडे त्यांस डीएनए परीक्षणाची जोड मिळाली असून, पूर्वी एकाच नावाखाली गणल्या गेलेल्या पतंगांत प्रत्यक्षात अनेक जाती असल्याचे आढळून आले आहे.

यास्तव दंश झालेल्या व्यक्तीने विनाविलंब रुग्णालय गाठावे आणि शक्य असल्यास सुरवंटही, उघड्या हाताने स्पर्श न करता, बंद डब्यातून सोबत न्यावा. त्यावरून डॉक्टरांना योग्य उपचाराची दिशा ठरविता येते.