शेतातील व घरातील नासाडी : कारणे व उपाय

आपल्या भागातील शेतकऱ्याच्या घरी पूर्वी फेकून देण्यासारखे फारसे काही उरतच नसे. भाजीची साले शेळीला जात, चुलीची राख भांडी घासण्यास व बियाण्यात मिसळण्यास कामी येई, जुन्या लुगड्यांची वाकळ होई, कुटार गुरे खात आणि गुरांचे शेण पुन्हा शेतात जाई. जमिनीतून जे निघे त्याचा मोठा भाग जमिनीकडे परत येत असे. त्यासाठी कोणी वेगळा विचार करीत नसे, कारण घराची घडीच तशी बसलेली होती.

आता ती घडी मोडली आहे. ट्रॅक्टर आल्यापासून बैलजोड्या कमी झाल्या. गुरे कमी झाल्याने कुटाराला खाणारे तोंड उरले नाही व शेणही मिळेनासे झाले. दुकानातून येणारी प्रत्येक वस्तू प्लास्टिकच्या वेष्टनात येते. परिणामी एकाच गावात दोन विसंगत गोष्टी दिसतात. एकीकडे धुऱ्यावर कुटार पेटलेले असते आणि दुसरीकडे तोच शेतकरी उधारीने खताच्या गोण्या आणीत असतो. नासाडीचा खरा अर्थ यात आहे. जे आपल्याजवळ होते ते जाळावयाचे व तेच विकत आणावयाचे, असा हा व्यवहार होय.

जाळल्याने काय जाते ?

वाशीम जिल्ह्याच्या सहाही तालुक्यांत खरिपाचे मुख्य पीक सोयाबीन आहे व त्यासोबत तूर घेतली जाते. ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची मळणी होते आणि लगेच हरभऱ्याच्या पेरणीची घाई सुरू होते. मजूर मिळत नाहीत, ढीग आड येतो, म्हणून काडी ओढली जाते. शेतकऱ्याची ही अडचण खरी आहे. परंतु तिची किंमतही समजून घेतली पाहिजे. काडीकचरा जळतो तेव्हा त्यातील बहुतेक सर्व नत्र धुरावाटे हवेत जाते. गंधकाचाही बराच अंश नष्ट होतो. राखेत थोडे स्फुरद व पालाश उरते, पण वारा व पाणी तेही वाहून नेतात. सर्वांत मोठी हानी सेंद्रिय कर्बाची होते. सेंद्रिय कर्बामुळेच काळी जमीन भुसभुशीत राहते व ओल धरून ठेवते. ज्या जिल्ह्यात बहुतांश शेती पावसावर अवलंबून आहे, तेथे जमिनीने आठ दिवस अधिक ओल धरली तर पावसाच्या खंडात पीक तगते. ओल न धरल्यास तेच पीक माना टाकते.

कच्चे कुटार पेरणीच्या तोंडावर जमिनीत गाडणे हाही योग्य उपाय नव्हे. ते कुजविणारे जीवाणू जमिनीतील नत्र काही काळ स्वतःसाठी वापरतात व कोवळे पीक पिवळे पडते. अर्धवट कुजलेल्या खतातून हुमणीचा उपद्रवही वाढतो. यास्तव कुटार आधी कुजवावे व मगच शेतात टाकावे.

शेजारच्या पुसदने दाखविलेला मार्ग

शेतातील टाकाऊ पदार्थांचे शास्त्रशुद्ध खत करण्याचा मोठा प्रयत्न इंदूर येथील संशोधन संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात झाला. अल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी १९३१ साली त्यावर ग्रंथ लिहिला. पुढे आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातील पुसद येथील ना. दे. पांढरीपांडे यांनी थोड्या शेणात अधिक खत करण्याची पद्धत शोधून काढली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ती ‘नाडेप’ म्हणून ओळखली जाते. ज्यांच्या दारी एकदोनच जनावरे आहेत अशांना ती विशेष उपयोगी आहे, कारण एका टाक्याला अवघे ९० ते १०० किलो शेण पुरते.

टाके भरण्याची रीत

१. उंच जागी, शक्यतो सावलीत, आतून १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच असे विटांचे टाके बांधावे. भिंत ९ इंच जाडीची असावी व हवा खेळण्यासाठी तीत छिद्रे ठेवावीत. भिंती व तळ शेणमातीने लिंपून घ्यावा.

२. पहिला थर सुमारे ६ इंच काडीकचऱ्याचा (१०० ते ११० किलो) द्यावा. त्यावर १२५ ते १५० लिटर पाण्यात ४ ते ५ किलो शेण कालवून शिंपडावे. त्यावर ५० ते ६० किलो चाळलेली कोरडी माती पसरावी. मातीत काच, खडे, प्लास्टिक असू नये.

३. असे ११ ते १२ थर देऊन टाके काठाच्या वर दीड फुटापर्यंत भरावे व शेणमातीने लिंपावे. भरण्याचे काम एका दिवसात, फार तर दोन दिवसांत पुरे करावे.

४. पंधरा-वीस दिवसांत ढीग खाली बसतो. तेव्हा त्याच क्रमाने पुन्हा भरून लिंपावे. भेगा पडल्यास बुजवाव्यात व पाणी शिंपून ओल टिकवावी.

तीन ते चार महिन्यांत सुमारे ३ टन खत तयार होते. त्याचा रंग तपकिरी असतो व त्याला दुर्गंधी येत नाही. त्यात नत्राचे प्रमाण अर्धा ते दीड टक्का असते. अर्धा टक्का धरला तरी १५ किलो नत्र झाले. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत सुमारे २१ किलो नत्र असते. खतातील नत्र पिकाला सावकाश मिळते, हे खरे. पण जमिनीचा पोत सुधारण्याचे जे काम ते करते, ते युरियाने होत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीनच्या कुटाराने भरलेले टाके फेब्रुवारी-मार्चमध्ये रिकामे होते. त्यानंतर तुरीच्या भुशाने व पालापाचोळ्याने ते पुन्हा भरता येते. तुराट्या व पऱ्हाट्या टणक असतात, म्हणून त्यांचे बारीक तुकडे करूनच वापराव्यात. बोंडअळीच्या दृष्टीने पऱ्हाट्यांचे ढीग धुऱ्यावर साठवू नयेत.

जे कुजत नाही त्याचे काय ?

घरचा ओला कचरा टाक्यात जाऊ शकतो, परंतु तो वेगळा ठेवला तरच. उकिरड्यात मिसळलेले प्लास्टिक खताबरोबर शेतात पसरते व वर्षानुवर्षे तसेच राहते. चरणाऱ्या गाईच्या पोटात गेल्यास तिच्या जिवावर बेतते. ते जाळणे तर अधिकच घातक, कारण त्याचा विषारी धूर घरातील लेकरांच्या व वृद्धांच्या छातीत जातो. राज्यात २०१८ पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. तरी खरा उपाय म्हणजे बाजाराला जाताना कापडी पिशवी सोबत नेणे हाच होय. ठिबकच्या जुन्या नळ्या व गोण्या साठवून भंगारवाल्यास द्याव्यात.

कीटकनाशकांच्या बाटल्यांबाबत अधिक दक्षता हवी. रिकामी बाटली तीन वेळा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतावे व बाटलीला भोके पाडावीत. तीत पाणी, तेल वा रॉकेल कधीही भरू नये. ती विहिरीत वा नाल्यातही टाकू नये.

कार्यकर्त्यांसाठी

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी केवळ भाषणे देऊन हे काम होणार नाही. प्रत्येक गावात मळणीपूर्वी एक टाके बांधून तयार ठेवावे व ते सर्वांच्या देखत भरावे. घरातील कचरा हाताळण्याचे काम बहुधा भगिनींकडे असते, यास्तव त्यांना या प्रात्यक्षिकास अगत्याने बोलवावे. पुढील हंगामात निम्म्या वावरात खत टाकून व निम्मे तसेच ठेवून दोन्हींतील फरक दाखवावा. अमरावती जिल्ह्यात जन्मलेल्या गाडगे महाराजांनी हाती खराटा घेऊन आधी गाव झाडले व मग कीर्तनातून उपदेश केला. लोकांना पटले ते त्या क्रमामुळेच.

शेतकरी बंधूंनो, यंदा मळणी झाल्यावर काडी ओढण्यापूर्वी त्या ढिगाकडे एकदा पाहावे. पुढील खरिपाचे खत तेथेच पडलेले आहे.