समुद्राचे पंचांग आणि घाटावरचा प्रवासी

बुलढाणा जिल्ह्याचे लोकव्यवहारात दोनच भाग पडतात : घाटावरचा आणि घाटाखालचा. ही वाटणी अजिंठ्याच्या डोंगररांगेने केली आहे आणि जिल्ह्याच्या पाण्याची वाटणीही तिनेच केली आहे. घाटावर उगम पावणारी पैनगंगा पूर्वेची वाट धरते आणि वर्धा, प्राणहिता, गोदावरी अशा नद्यांच्या संगतीने बंगालच्या उपसागराला मिळते. घाटाखाली उतरणारी नळगंगा पूर्णेला, पूर्णा तापीला आणि तापी अरबी समुद्राला जाऊन मिळते. एकाच डोंगरावर पडलेला पाऊस असा दोन समुद्रांचा धनी होतो. त्या डोंगराच्या आश्रयाने राहणारा माणूस मात्र या दोन्ही समुद्रांना पिढ्यान्‌पिढ्या परकाच राहिला.

खारे पाणी या जिल्ह्याला ठाऊक नाही असे नाही. लोणारचे सरोवर खारे आहे. पूर्णेकाठच्या खारपाण पट्ट्यातील शेतकऱ्याचा तर विहिरीच्या खाऱ्या पाण्याशी रोजचा झगडा आहे. परंतु या पाण्याला भरती नाही आणि ओहोटीही नाही. दिवसातून दोनदा चढणारे, दोनदा उतरणारे आणि वर्षातील काही महिने माणसाला आपल्या अंगावर पाऊलही ठेवू न देणारे पाणी कसे असते, याचा अनुभव लोणारच्या काठी मिळत नाही. मलकापूर किंवा शेगाव येथून रात्रीच्या गाडीने मुंबई गाठावी आणि तेथून एक रात्र बोटीत काढून गोव्याला उतरावे, असा बेत या जिल्ह्यातील शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या घरी होऊ लागतो, तेव्हा ही उणीव प्रथम जाणवावयास हवी. प्रत्यक्षात बेताचा प्रारंभ होतो तो शिल्लक रजेपासून आणि शिल्लक पैशांपासून. या दोन्ही गोष्टी आवश्यक आहेतच. पण समुद्रप्रवासाच्या योजनेत त्यांचा क्रमांक पहिला नव्हे.

मुंबई–गोवा हा रात्रीचा जलप्रवास ही काही नवी चैन नव्हे. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या, म्हणजे कोकणच्या भाषेत ‘शेफर्ड कंपनी’च्या, आगबोटींनी कोकणातील कित्येक पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत आणि कचेऱ्यांत आणून सोडल्या. पुढे ‘कोकण सेवक’ आणि ‘कोकण शक्ती’ ही नावे घरोघरी झाली. जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत बोट पणजीस पोहोचे. अनेक ठिकाणी ती खोल पाण्यातच उभी राही आणि प्रवासी पडावातून किनाऱ्याला लागत. डेकवर वळकटी पसरून, शेजारच्या अनोळखी कुटुंबाबरोबर भाकरी वाटून घेत, चाकरमानी ही रात्र काढीत असे. ती सहल नव्हती. ते वाहन होते. त्या वाहनाची योजना प्रवाशाला स्वतः करावी लागत नसे. पावसाळा जवळ आला की दूरच्या बोटी बंद होत आणि समुद्र निवळला की पुन्हा सुरू होत. समुद्राचे पंचांग बोटीच्या वेळापत्रकातच लिहिलेले असे.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस ही वाहतूक संपली. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाल्यावर तिची निकड कोणाला भासेनाशी झाली. वीस वर्षांनी, २०१८च्या ऑक्टोबरमध्ये, ‘आंग्रिया’ ही बोट मुंबई–गोवा मार्गावर आली. तिचे स्वागतही उत्साहाने झाले; परंतु २०२०च्या साथीनंतर तिच्या फेऱ्या पूर्ववत होऊ शकल्या नाहीत. २०२१च्या सप्टेंबरपासून याच मार्गावर ‘कॉर्डेलिया’चे मोठे विहारजहाज दिसू लागले. या दोन्ही बोटींचा जुन्या आगबोटींशी असलेला संबंध केवळ पाण्यापुरता आहे. जुनी बोट गावाला पोहोचवीत असे. नवी बोट हेच गाव असते. तेथे तरणतलाव असतो, करमणूक असते, भोजनाचे थाट असतात, आणि या साऱ्याचे मोल तिकिटात धरलेले असते. यात गैर काही नाही. मात्र वळकटी घेऊन चढणाऱ्या प्रवाशाची जागा त्या तिकिटात उरली नाही आणि त्याच्याबरोबर समुद्राची सामान्य माणसाला असलेली ओळखही पुसट होत गेली.

ही ओळख नसण्याची किंमत महाराष्ट्राने अनेकदा मोजली आहे. नोव्हेंबर १९२७ मध्ये ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या बोटी बुडाल्या. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या तोंडावर, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ वादळी वाऱ्यात काशाच्या खडकानजीक कलंडली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. अंतर काही तासांचे, मार्ग नित्याचा आणि प्रवासी किनाऱ्यावरचेच होते; तरीही भर पावसाळा, उधाणाचे दिवस आणि भरलेली बोट यांपुढे ती ओळख अपुरी ठरली. मग ज्याने समुद्र पाहिलेलाच नाही, त्याची कथा काय सांगावी? १ फेब्रुवारी २०१६ रोजी सहलीला आलेले पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी मुरुडच्या किनाऱ्यावर बुडाले. तेव्हा पावसाळा नव्हता, वादळही नव्हते. घाटावरच्या मुलांना किनाऱ्याचे पाणी अनोळखी होते, एवढेच.

म्हणून बेताचा पहिला कागद हा हिशेबाचा नसावा, ऋतूचा असावा. शिक्षकांना दोन मोठ्या सुट्ट्या मिळतात आणि दुर्दैवाने दोन्ही समुद्राच्या दृष्टीने निर्धोक नाहीत. उन्हाळी सुट्टीत मे महिना लागला की समुद्र फुगू लागतो. १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळात मुंबईच्या समुद्रात ‘पी-३०५’ हा कामगारांचा तराफा बुडाला आणि अनेकांचे प्राण गेले, ही घटना अद्याप विसरण्याजोगी नाही. जून आणि जुलैमध्ये तर मासेमारीलाही बंदी असते. उरली दिवाळी. पाऊस संपलेला असतो, हवा सुखावह असते. परंतु अरबी समुद्रातील वादळांचा दुसरा हंगाम याच सुमाराचा. ‘फयान’ हे वादळ ११ नोव्हेंबर २००९ रोजी कोकण किनाऱ्यावर आले होते. दिवाळीत जाऊच नये असा याचा अर्थ नव्हे. हवामान खात्याचा इशारा पाहिल्याविना घर सोडू नये आणि इशारा आला तर बेत मोडण्याची तयारी ठेवावी, असा त्याचा अर्थ आहे. तिकीट काढण्यापूर्वीच ते रद्द झाल्यास पैसे किती परत मिळतात, हे विचारून घेणे म्हणूनच शहाणपणाचे.

खरा शांत काळ डिसेंबर ते फेब्रुवारी हा. त्यातही नाताळात गोव्याकडे इतकी गर्दी लोटते की खर्च आवाक्याबाहेर जातो. सिंदखेडराजाचा १२ जानेवारीचा जिजाऊ जन्मोत्सव आटोपल्यानंतरचे आठवडे बुलढाणेकराला सर्वात सोयीचे. या निवडीला इतिहासाचीही साक्ष आहे. सिंदखेडच्या जिजाऊंच्या पुत्राने स्वराज्याचे आरमार उभे केले, नोव्हेंबर १६६४ मध्ये मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला आणि बसरूरच्या स्वारीसाठी स्वतः जहाजावर पाऊल ठेवले ते १६६५च्या फेब्रुवारीत. ज्याचे सारे बालपण डोंगरात गेले, त्या राजानेही समुद्रावर जाताना ऋतूची मर्यादा ओलांडली नाही.

ऋतूनंतर तिथी. कोकणात भरतीची वेळ काढण्याचा एक सोपा आडाखा आहे : तिथीची पाऊणपट करावी. चतुर्थीची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारी आणि रात्रीही. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमा झाली की प्रतिपदेपासून पुन्हा मोजणी. भरती दररोज सुमारे पाऊण तास पुढे सरकते, हे या गणिताचे मर्म. हा आडाखा मुंबईच्या आसपासचा आहे आणि स्थूल आहे. दक्षिणेकडे वेळ थोडी मागेपुढे होते. तरी शाळेतील मुलांना प्रवासाआधी एवढे गणित करावयास लावले, तर त्यांच्या दृष्टीने समुद्र हे केवळ चित्र राहणार नाही. पौर्णिमा–अमावास्येला उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, हेही त्यांना कळावे. चांदण्या रात्रीच्या मोहाने पौर्णिमा निवडणाऱ्याने उधाणही आपणच निवडले आहे, याचे भान ठेवावे. मोठ्या जहाजाला मुंबईच्या खोल गोदीत त्याची फारशी पर्वा नसते; परंतु गोव्यात उतरल्यावर लहान होडीत बसणाऱ्या, किंवा पुळणीवर पाण्यात उतरणाऱ्या माणसाला ती असलीच पाहिजे.

तिसरी गोष्ट बोटीची. ऋतू आणि तिथी दोन्ही अनुकूल असूनही अपघात घडतात, हे १८ डिसेंबर २०२४ रोजी दिसले. घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगवान नौका आदळली आणि डझनाहून अधिक जीव गेले. भर दिवसाची वेळ होती आणि मुंबई समोर दिसत होती. अनेक प्रवाशांच्या अंगावर जीवरक्षक जाकिटे नव्हती. बोट मोठी असो वा लहान, तिची परवानगी किती माणसांची आहे, प्रत्यक्षात किती चढली आहेत, जाकिटे कोठे ठेवली आहेत आणि ती कशी बांधावयाची, हे विचारण्यात संकोच नसावा. यष्टीत बसताना ब्रेकची चौकशी कोणी करीत नाही, हे खरे. पण यष्टी बंद पडली तर रस्त्याच्या कडेला उतरता येते.

उरलेला तपशील लहान, पण उपयोगाचा आहे. बुलढाण्याहून राजूर घाट उतरून मलकापूर गाठावयाचे आणि तेथून सुमारे पाचशे किलोमीटरचा रेल्वेप्रवास करावयाचा, तर बोट सुटण्याच्याच दिवशी सकाळी मुंबईत पोहोचण्याचा बेत काठावरचा ठरतो. गाडी उशिरा आली तर बोट थांबत नाही. एक दिवस हाताशी ठेवलेला बरा. ज्यांना घाटातल्या वळणांवर गाडी लागते त्यांना बोट लागण्याचीही शक्यता असते. त्यांनी रात्रीचे जेवण हलके ठेवावे आणि औषध डॉक्टरांना विचारून जवळ बाळगावे. आणखी एक अपेक्षा आधीच आवरावी. रात्रीच्या प्रवासात कोकणचा किनारा दिसत नाही. विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग अंधारात मागे पडतात; दिसते ती दूरच्या दीपस्तंभाची ठराविक अंतराने लुकलुकणारी ज्योत. पाहण्यासारखे आहे ते निघतानाचे मुंबईचे आखात, मावळता सूर्य आणि पहाटे उजळत जाणारा गोव्याचा किनारा. सायंकाळी आणि पहाटे जो डेकवर उभा राहील, त्याचेच पैसे वसूल होतील.

हे सारे प्रवाशाचे कर्तव्य झाले. शासनाचे काय? भाऊचा धक्का ते मांडवा ही वाहने नेणारी रो-रो बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली. २०२५ मध्ये मुंबईहून जयगड आणि विजयदुर्गकडे अशीच सेवा सुरू करण्याची घोषणा झाली. या घोषणांत मोटारीची सोय आधी दिसते आणि मोटार नसलेल्याची नंतर. जमिनीवर हेच राज्य वेगळे वागते. २०२२ मध्ये त्याने पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना यष्टीचा प्रवास विनामूल्य केला आणि २०२३ मध्ये स्त्रियांना अर्ध्या तिकिटाची सवलत दिली. मेहकरच्या वृद्धेने पंढरपूरला जावे ही जर राज्याची आस्था असेल, तर तिने एकदा समुद्रावरून जावे ही आस्था का नसावी? प्रत्येक नव्या बोटीत काही जागा साध्या डेकच्या, यष्टीच्या भाड्याशी मेळ घालणाऱ्या असाव्यात आणि शाळांच्या सहलींसाठी काही फेऱ्या राखून ठेवाव्यात, ही मागणी अवास्तव नाही.

ज्या जिल्ह्यात सिंचनाचा अनुशेष आहे आणि खामगाव–जालना लोहमार्गाची मागणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, तेथे समुद्राची चर्चा कशाला, असे कोणी म्हणेल. आक्षेप निराधार नाही. बोटीच्या डेकवरील जागेने लोहमार्गाची मागणी फिटणार नाही आणि फिटूही नये. परंतु लोणार जसे केवळ बुलढाण्याचे नाही, तसा समुद्रही केवळ कोकणाचा किंवा धनिकांचा नाही. जे पाहिले नाही त्यावर हक्क सांगण्याचे माणसाला सुचत नाही आणि जे ठाऊक नाही त्याचे भयही वेळेवर वाटत नाही.

जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे भाकीत ऐकावयास दूरदूरचे शेतकरी जमतात. त्या भाकितावर किती विश्वास ठेवावा, हा प्रश्न निराळा. पेरणीपूर्वी आभाळाचे मन जाणून घ्यावे, ही वृत्ती मात्र या मातीत मुरलेली आहे. त्याच दिवसांत कोकणातील बोटींचा हंगाम संपत आलेला असतो. घाटावरच्या माणसाला समुद्राची भाषा येत नसेल. पण ऋतूला विचारल्याविना पाऊल टाकू नये, हे त्याला कोणी शिकवावयास नको. ते शहाणपण शेताच्या बांधावर न ठेवता त्याने धक्क्यापर्यंत बरोबर न्यावे.