जातिवंत कुत्रें आणि गांवठी कुत्रें

आमच्या कनेरगाव नाक्यावर कुणी महागाचें जातिवंत पिल्लूं आणिलें, कीं पाहणारा हटकून म्हणतो, “हें टिकायचें नाहीं, गांवठीच काटक!” या समजुतींत तथ्य किती?

जातिवंत कुत्रें म्हणजे एकाच रक्तांत वीण राखून निपजविलेलें. आईबाप जवळच्या नात्याचे असले, म्हणजे दोघांतही दडलेला तोच दोष पिलांत एकत्र येऊन उघडा पडतो. संकरांत तो बहुधा झांकलेला राहतो. परंतु सर्वच रोगांना हें लागू नाहीं. कॅलिफोर्नियांतील २७,००० हून अधिक कुत्र्यांच्या नोंदींची तपासणी २०१३ सालीं प्रसिद्ध झाली. २४ विकारांपैकीं १० जातिवंतांत अधिक, १३ दोहोंत सारखे. गुडघ्याचा अस्थिबंध तुटणें तर संकरितांतच अधिक! आयुष्याचेंही तसेंच. २०२४ सालच्या ब्रिटनमधील मोठ्या गणनेंत जातिवंतांचें मध्यम आयुर्मान १२.७ वर्षें, संकरितांचें १२ भरलें.

तेव्हां जातीइतकाच बांधाही पाहावा. त्याच गणनेंत चपट्या नाकाच्या फ्रेंच बुलडॉगचें आयुर्मान अवघें ९.८ वर्षें. आपल्याकडचा कारवानही जातिवंतच. पण लांब मुस्कटाचा, सडपातळ, शिकारीमागें धांवण्यासाठीं राखलेला. नाक चपटें करण्याचा सोस त्याच्या वांट्यास आला नाहीं.

माझा मोती गांवठी, अंगानें निकोप. चौथ्या वर्षीं हमरस्त्यावर मोटारीखालीं गेला. फाटक मीच उघडें टाकिलें होतें. रेबीजही जात विचारीत नाहीं. पिल्लूं तीन महिन्यांचें होतांच त्याची लस टोचून घ्यावी, आणि पुढील मात्रेची तारीख पशुवैद्याकडून लिहून आणावी.