तिघांतला एक कामाला जातो

पहाटे साडेचार. वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या दक्षिण टोकाला मॅक्डॉवेल काउंटी आहे. आकाराने आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढी, सगळी डोंगर आणि घळींची. दिवसपाळीचे खाणकामगार या वेळी घर सोडतात. पिकअपमध्ये जेवणाचा डबा आणि पाणी, अंगावर चमकत्या पट्ट्यांचे कपडे. अमेरिकेचं जनगणना खातं दरवर्षी निवडक घरांना विचारतं, कामाला किती वाजता निघता, पोचायला किती मिनिटं लागतात? इथलं सरासरी उत्तर अर्ध्या तासाच्या आसपास येतं. काउंटीतून एकही इंटरस्टेट द्रुतमार्ग जात नाही. महामार्ग ५२ डोंगराच्या कडेकडेने वळणं घेत जातो आणि पुढे कोळशाचा ट्रक लागला की मागच्यांनी त्याच्याच चालीने चालायचं.

सकाळी साडेसहा. शाळेची बस घळीच्या तोंडाशी थांबते. मुलाचं दप्तर नीट करून त्याला बसमध्ये चढवणारी बाई पुष्कळदा आजी असते. इथल्या शाळा विभागाने दहा-बारा वर्षांपूर्वी सांगितलं होतं की ४६ टक्के मुलं जन्मदात्या आईबापांपैकी कुणाहीजवळ राहत नाहीत. कुणाचा बाप तुरुंगात, कुणाची आई वेदनाशामक गोळ्यांच्या व्यसनात गेलेली, कुणाचे आईवडील काम शोधायला दुसऱ्या राज्यात. हा आकडा आईबापांच्या बेजबाबदारपणाचा पुरावा म्हणून वापरला जातो. मला त्यात आधी साठी ओलांडलेल्या बायका दिसतात. संधिवाताने आखडलेल्या हातांनी त्या पुन्हा डबे भरतायत, गृहपाठ घेतायत. त्यांचं हे काम रोजगाराच्या कुठल्याही रकान्यात मोजलं जात नाही.

नऊ वाजता वेल्च गावातलं न्यायालय उघडतं. १ ऑगस्ट १९२१ ला याच इमारतीच्या पायऱ्यांवर खाणकामगारांची बाजू घेणारा पोलीसप्रमुख सिड हॅटफील्ड याला गोळ्या घालून मारलं होतं. तेव्हा काउंटी वाढत होती. १९५० च्या जनगणनेत इथे ९८,८८७ माणसं होती, २०२० मध्ये १९,१११ उरली. कोळसा मात्र संपलेला नाही. १९५० नंतर खाणीत यंत्रं आली आणि पूर्वी ज्या कामाला टोळ्याच्या टोळ्या लागत, ते मोजक्या माणसांत होऊ लागलं. जॉन एल. लुइस यांच्या खाणकामगार युनियनने पगार आणि दवाखान्यांच्या बदल्यात हे यांत्रिकीकरण मान्यही केलं होतं. ऐंशीच्या दशकात पोलादाचा धंदा बसला आणि गॅरी गावातल्या मोठ्या खाणी बंद पडल्या. तरुण माणसं ओहायो, मिशिगन, नॉर्थ कॅरोलायनाकडे गेली. आज या काउंटीबद्दल जी काही टक्केवारी छापून येते ती मागे राहिलेल्यांची असते, हे वाचताना विसरून चालत नाही.

अकराला ओसरीत एक म्हातारा बसलेला. नाकाला प्राणवायूची नळी, सिलिंडर खुर्चीला टेकवलेला. दोन वाक्यं बोलला की थांबतो, श्वास भरून घेतो आणि तिसरं सुरू करतो. खाणीतली धूळ फुप्फुसात बसली की पुन्हा निघत नाही. तो बेकार नाही, कारण सरकारी हिशेबात बेकार म्हणजे काम शोधत असलेला माणूस. म्हणूनच इथला बेकारीचा दर पाहून परिस्थितीचा अंदाज येत नाही. खरा आकडा वेगळा आहे. सोळा वर्षांवरच्या लोकांत काम करणारे आणि काम शोधणारे मिळून जेमतेम तिसरा हिस्सा भरतात, देशभरात हेच प्रमाण साठ टक्क्यांच्या वर आहे. दिवसाढवळ्या इतकी माणसं घरी कशी, असं बाहेरचे विचारतात. या म्हाताऱ्यासमोर पाच मिनिटं बसलं तर तो प्रश्न विचारवणार नाही.

दुपारी दुकानात गल्ल्यावर सरकारी अन्नमदतीचं कार्ड पुढे येतं. तीन घरांतलं एक तरी या मदतीवर आहे. आजच्या या योजनेची सुरुवात झाली तीही इथूनच. १९६० च्या प्रचारात जॉन केनेडी या भागात फिरले होते. त्यांच्या सरकारने २९ मे १९६१ ला पहिली कुपनं दिली ती याच काउंटीतल्या पेन्सव्हिलच्या मन्सी कुटुंबाला. पंधरा माणसांचं घर, ९५ डॉलरची कुपनं, आणि पहिली खरेदी म्हणजे घेवडा आणि डुकराच्या मांसाचा डबा. आता कार्ड आहे, पण दुकानं कमी झाली. किंबॉलचं वॉलमार्ट २०१६ मध्ये बंद पडलं आणि नोकऱ्या गेल्याच, ताजी भाजीही लांब गेली.

चार वाजता मोजणी होते. वेल्चजवळ फेडरल तुरुंग आहे. देशभरच्या फेडरल तुरुंगांप्रमाणे तिथेही कामाच्या दिवशी दुपारी चारला प्रत्येक कैदी आपल्या जागी उभा राहतो आणि पहारेकरी डोकी मोजतात. जनगणनेच्या नियमाने कैदी जिथे कोंडलेला असतो तिथलाच रहिवासी धरला जातो. म्हणजे १९,१११ मध्ये हे हजाराहून अधिक पुरुषही आले. कामाचं प्रमाण काढताना ते लोकसंख्येत असतात, म्हणून ते प्रमाण आणखी खाली जातं. गरिबीचा दर काढताना मात्र त्यांना वगळतात. तरीही तो दर लोकसंख्येच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास येतो.

सहाच्या सुमाराला रस्त्याकडेच्या झऱ्याच्या नळीखाली लोक प्लास्टिकचे कॅन भरतात. जुन्या खाणवस्त्यांमध्ये कंपन्यांनी घातलेले पाइप सडलेत, घरच्या नळाचं पाणी प्यायची हिंमत होत नाही. दहातली जवळजवळ आठ घरं मालकीची आहेत. एरवी हे सुबत्तेचं लक्षण; इथे घर विकून बाहेर पडावं तर गिऱ्हाईक नाही. त्यात पूर येतात. २००१ मध्ये, २००२ मध्ये, फेब्रुवारी २०२५ मध्ये. त्यांत माणसंही दगावली. २०१० च्या सुमाराला इथल्या पुरुषांचं आयुर्मान ६४ होतं, आणि साडेपाचशे किलोमीटरवरच्या व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स काउंटीत ८२. एका देशात, एका दिवसाच्या प्रवासात आयुष्याची अठरा वर्षं कमी होतात. मी हे अंतर कुठल्याही अहवालात नुसतं 'तफावत' म्हणून वाचू शकत नाही.

रात्री अकरा. रात्रपाळी खाणीत उतरते; कामगार तिला 'हूट आउल' म्हणतात, घुबडाची पाळी. इथला कोळसा पोलादासाठी लागणारा, उत्तम प्रतीचा. अमेरिकेच्या असल्या कोळशाच्या मोठ्या गिऱ्हाइकांत भारतही आहे. गाड्या भरून तो पूर्वेला नॉरफोक बंदराकडे जातो. इथल्या जमिनीचा मोठा भाग बाहेरच्या कंपन्यांच्या मालकीचा आहे, त्यामुळे नफाही त्याच वाटेने बाहेर जातो. काउंटीच्या उत्पन्नाचे तक्ते घरागणिक काय येतं ते सांगतात. शंभराहून अधिक वर्षांत इथून काय काय गेलं, हेही त्यांच्या शेजारच्या रकान्यात छापायला हवं.