माहितीची किल्ली कोणाच्या हाती?

प्रतिनिधी, ठाणे

डोंबिवली किंवा कल्याण स्थानकाबाहेरील झेरॉक्सच्या दुकानांत प्रवेश आणि शिष्यवृत्तीच्या अर्जांच्या दिवसांत विद्यार्थ्यांची रांग लागते. गुणपत्रिका, आधार कार्ड, बँकेचे पासबुक व्हॉट्सअॅपने दुकानदाराला पाठविले जाते. प्रत हाती पडताच विद्यार्थी लोकल गाठतो. फाइल मात्र दुकानाच्या संगणकातच राहते. माहिती सुरक्षा या विषयाची तोंडओळख करून घेण्यास हा रोजचा प्रसंग पुरेसा आहे.

तीन आधारस्तंभ

हे शास्त्र तीन तत्त्वांवर उभे आहे. माहिती केवळ अधिकृत व्यक्तीलाच दिसावी, ही गोपनीयता. तिच्यात परवानगीवाचून फेरफार होऊ नये, ही अखंडता. गरजेच्या वेळी ती मिळावी, ही उपलब्धता. दुकानात राहिलेल्या आधार कार्डाने गोपनीयता भंगते. गुणपत्रिकेतील आकडा कोणी बदलला तर अखंडता जाते. प्रकल्प सादर करण्याच्या आदल्या रात्री व्हायरसने फाइल निकामी केली आणि दुसरी प्रत नसली, तर उपलब्धता संपते.

विश्वासावरच घाला

संगणकात न शिरताही माहिती काढून घेता येते. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील कॉल सेंटरांवर छापे घातले. तेथून अमेरिकेच्या कर खात्याचे अधिकारी असल्याची बतावणी करून तेथील नागरिकांना अटकेची भीती घातली जात होती आणि पैसे उकळले जात होते. सुमारे ७० जणांना अटक झाली, तर शेकडो कर्मचाऱ्यांची चौकशी झाली. फोनवर बोलणाऱ्यांत नोकरीच्या शोधात आलेल्या तरुणांचा मोठा भरणा होता.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत घुसखोरी करून सुमारे ९४ कोटी रुपये लांबविण्यात आले. बनावट कार्डांद्वारे २८ देशांतील एटीएममधून रक्कम काढली गेली. भारतात कोल्हापुरातही ती काढण्यात आली. घुसखोरीचे सूत्रधार दूर कोठेतरी होते, पण एटीएमसमोर उभे राहणारे हात येथलेच होते. या प्रकरणात २०२३ मध्ये पुण्यातील न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरविले.

विद्यार्थ्यांना यातून घेण्यासारखा धडा मोठा आहे. 'तुझे खाते काही दिवस वापरायला दे, दोन-तीन हजार मिळतील', असे आमिष दाखविले जाते. त्या खात्यातून फसवणुकीचा पैसा फिरला, की पोलीस प्रथम खातेदाराच्याच दारात येतात. दुसऱ्याचा पासवर्ड फसवणुकीने वापरणे आणि संगणकाच्या साह्याने तोतयेगिरी करून फसविणे, या दोन्ही गुन्ह्यांना माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क आणि ६६ ड नुसार तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

काय करावे?

प्रत्येक खात्याला वेगळा आणि लांब पासवर्ड ठेवावा. ईमेलला दुहेरी पडताळणी लावावी. कारण अन्य खात्यांचे पासवर्ड बदलण्याची वाट ईमेलमधूनच जाते. लोकलच्या गर्दीत मोबाइल चोरीस गेल्यास स्क्रीनचे कुलूप पुरेसे नसते. सिम कार्ड दुसऱ्या हँडसेटमध्ये घातले, की ओटीपी तेथे येऊ लागतात. म्हणून सिमलाही स्वतंत्र पिन ठेवावा. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी नव्हे, हे ध्यानात असावे. छपाई झाल्यावर दुकानातील फाइल आपल्यासमोर पुसून घ्यावी आणि महत्त्वाच्या कामाची प्रत दोन ठिकाणी असावी.

एवढे करूनही फसवणूक झाली, तर संकोचाने गप्प राहू नये. १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर त्वरित तक्रार केल्यास रक्कम पुढे सरकण्यापूर्वी गोठविता येण्याची शक्यता असते. घरचे रागावतील म्हणून दवडलेला एक तासही चोराच्याच पथ्यावर पडतो.