‘व्याज जास्त आहे’ म्हणू नका, हिशेब मागा

सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी क्रेडिट कार्डावरची ३० टक्के व्याजमर्यादा उठवली, तेव्हा आता कोर्टात लढून उपयोग नाही, असं अनेक थकबाकीदारांना वाटलं असेल. तसं नाही. तो निकाल राष्ट्रीय ग्राहक आयोगाच्या २००८ च्या आदेशावर होता. बँकेचा वसुलीचा दावा चालतो दिवाणी न्यायालयात, मुंबईच्या पश्चिम उपनगरांसाठी म्हणजे दिंडोशीच्या नगर दिवाणी न्यायालयात. वीस लाखांखालची थकबाकी कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जात नाही.

बँका अनेकदा दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली ‘समरी सूट’ लावतात. त्यात बचाव आपोआप मिळत नाही, मागावा लागतो. समन्स मिळाल्यापासून दहा दिवसांत हजेरी नोंदवायची. मग ‘समन्स फॉर जजमेंट’ येतं. ते मिळाल्यावर पुन्हा दहा दिवसांत प्रतिज्ञापत्रावर बचावाची परवानगी मागायची. हजेरीच नोंदवली नाही, तर दाव्यातला मजकूर कबूल धरून हुकूमनामा होतो. बेलिफाला दार न उघडण्यानं काही साधत नाही, समन्स दारावर चिकटवूनही बजावता येतं. नोकरदार माणसाला दहा दिवस फार अपुरे आहेत. समन्ससोबत सोप्या मराठीत एक पान माहिती देणं न्यायालयांना अवघड नाही, ते द्यायलाच हवं.

स्वतःचा दावा स्वतः लढवायला कायद्याची आडकाठी नाही. महिला, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग व्यक्तींना तर उत्पन्न न पाहता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

खरा प्रश्न प्रतिज्ञापत्रात काय लिहायचं हा आहे. नोकरी गेली, घरात आजारपण आलं, हे खरं असलं तरी त्यानं कर्ज नाकारलं जात नाही. नुसतं ‘व्याज भरमसाट’ म्हटलं, तर बँकिंग नियमन कायद्याचं कलम २१-अ आडवं येतं. पण रिझर्व्ह बँकेचे निर्देश मोडून लावलेलं व्याज तपासता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्येच सेंट्रल बँक विरुद्ध रवींद्र या निकालात सांगितलं. न भरलेले शुल्क आणि कर मुद्दलात मिळवून त्यावर व्याज लावायला रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या निर्देशांत मनाई केली. म्हणून सगळी स्टेटमेंट समोर घ्या. खरेदी किती, व्याज किती, लेट फी किती, जीएसटी किती, हे ओळीओळीनं वेगळं काढा आणि कुठल्या महिन्यातली कुठली रक्कम अमान्य आहे ते नेमकं लिहा. मोघम नकार न्यायालयात कबुलीसारखाच ठरू शकतो. बँकेच्या संगणकातल्या नोंदींना कायद्याने सांगितलेलं प्रमाणपत्र जोडलंय का, तेही बघा. कर्ज दुसऱ्या कंपनीला विकलं असेल, तर हस्तांतरणाचा दस्त मागा.

तारखाही तपासा. अशा दाव्याची मुदत साधारण तीन वर्षांची. मात्र ती संपण्याआधी सही करून दिलेली कबुली किंवा लेखी नोंद असलेला भरणा तीच मुदत नव्यानं सुरू करतो. वसुलीवाला ‘थोडे तरी भरा’ म्हणतो, तेव्हा हे माहीत असायला हवं.

एकतर्फी हुकूमनामा झाला, तर दरखास्तीत, म्हणजे त्याच्या अंमलबजावणीत, पगारावर जप्ती येऊ शकते. पहिले हजार रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित, बाकीचा भाग जातो. समन्स नीट बजावलंच नसेल, तर निकाल कळताच तो रद्द करण्याचा अर्ज करा, दिरंगाई नको.

लोकअदालतीत तडजोड जरूर करावी, पण आकडा पारखून. तिथल्या निवाड्यावर अपील नाही.