जुना पोलरॉइड : कापावा कीं राखावा?

कपाटाच्या वरच्या खणांत वर्षानुवर्षे पडून राहिलेली वस्तु खालीं उतरली, कीं तिच्याबरोबर घरांत एक वादहि उतरतो, हा अनुभव आमच्या बहुतेक वाचकांना असेल. आमच्याकडे असा वाद एका कॅमेऱ्यावरून झाला. आमचे काका १९६० सालीं अमेरिकेंतील शिक्षण पुरें करून परतले, तेव्हां त्यांनीं पोलरॉइड कंपनीचा '११०-ए' हा कॅमेरा बरोबर आणला होता. घडी उघडतांच काळा भाता पुढें सरसावावा, छबी टिपावी, कागदाचें टोक ओढावें, मिनिटभर थांबावें आणि मागचें दार उघडून तयार चित्र हातांत घ्यावें, असा त्याचा थाट. काकांनीं आणलेलीं फिल्मचीं भेंडोळीं संपलीं आणि कॅमेरा कापडांत गुंडाळला गेला. काकांना जाऊनहि आतां बरींच वर्षें झालीं. गेल्या उन्हाळ्यांत तो आमच्या चिरंजीवांच्या हातीं लागला, आणि दुसऱ्याच दिवशीं त्यांनीं जाहीर केलें, "याची पाठ कापली पाहिजे."

ऐंशी ओलांडलेल्या आमच्या काकू तेव्हां ओसरीवर गवार निवडीत होत्या. त्यांनीं मान वर केली नाहीं. "कापायचा असेल तर आधीं मला विचार हो, बाळ," एवढेंच त्या म्हणाल्या.

या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठीं आम्हांला जी माहिती मिळवावी लागली, ती ज्यांच्या घरीं असा एखादा कॅमेरा असेल त्यांच्या उपयोगीं पडेल, म्हणून येथें देत आहों.

या कॅमेऱ्याचा जन्म एका लहान मुलीच्या प्रश्नांतून झाला. १९४३ च्या डिसेंबरांत एड्विन लँड हे शास्त्रज्ञ न्यू मेक्सिकोंतील सँटा फे येथें सहकुटुंब सुट्टीवर होते. काढलेला फोटो लगेच कां पाहतां येत नाहीं, असें त्यांच्या तीन वर्षांच्या कन्येनें विचारलें. लँड यांनीं मुलीला गप्प केलें नाहीं. तिचा प्रश्न त्यांनीं मनावर घेतला. २१ फेब्रुवारी १९४७ रोजीं न्यूयॉर्क येथें प्रकाशशास्त्रज्ञांच्या सभेंत त्यांनीं एका मिनिटांत तयार होणारें चित्र दाखविलें, आणि २६ नोव्हेंबर १९४८ रोजीं बोस्टनच्या जॉर्डन मार्श या दुकानांत पहिला कॅमेरा विक्रीस आला.

त्यांत दोन भेंडोळीं असत : एक प्रकाशानें पालटणाऱ्या कागदाचें, आणि दुसरें ज्यावर चित्र उमटावयाचें त्या कागदाचें. त्यांच्यामध्यें प्रत्येक चित्रासाठीं रासायनिक लेपाची एक चिमुकली पुडी असे. टोक ओढलें कीं दोन्ही कागद रुळांच्या चिमटींतून जात, पुडी फुटे आणि लेप मधें पसरे. मिनिटभरानें एक कागद दुसऱ्यावरून सोलला कीं चित्र हातीं येई, आणि निगेटिव्ह कचऱ्यांत जाई. या शेवटच्या गोष्टीकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. पुढें तिचेंच काम पडणार आहे.

हीं भेंडोळीं कंपनीनें १९९२ सालीं बंद केलीं. १९६३ सालीं निघालेल्या नव्या धर्तीच्या कॅमेऱ्यांत भेंडोळ्याऐवजीं फिल्मची चपटी पेटी बसे. तीहि पोलरॉइडनें २००८ सालीं थांबविली, आणि जपानच्या फुजी कंपनीनें अशा पेटीचें आपलें शेवटचें उत्पादन बंद केल्याचें २०१६ सालीं जाहीर केलें. १९७२ सालच्या 'एसएक्स-७०' कॅमेऱ्याची आपोआप बाहेर येणारी पांढऱ्या चौकटीची फिल्म मात्र वांचली. हॉलंडमधील एन्स्खेडे येथील तिचा कारखाना बंद पडत असतां कांहीं हौशी मंडळींनीं तेथील यंत्रें राखलीं, आणि आज ती फिल्म पुन्हां पोलरॉइडच्याच नांवानें मिळते. म्हणून ज्यांच्या घरीं एसएक्स-७० असेल, त्यांनीं करवत कानस शोधूंच नये. प्रश्न आहे तो त्यापूर्वीच्या भात्याच्या कॅमेऱ्यांचा. यंत्र धडधाकट आहे, परंतु त्याचें अन्नच जगांतून नाहींसें झालें आहे.

मग त्याला दुसरें अन्न पचवावें कसें? कॅमेरा म्हणजे अखेर भिंग लावलेली काळोखाची पेटी. त्या पेटींत कोणतीहि फिल्म ठेवतां येईल. मात्र तीन गोष्टी संभाळाव्या लागतात.

पहिली गोष्ट जागेची. मूळ फिल्म ज्या पातळीवर पसरत असे, नेमक्या त्याच पातळीवर नवी फिल्म आली पाहिजे. आमच्या कॅमेऱ्याचें भिंग १२७ मिलिमीटर नाभीय अंतराचें आहे. अशा भिंगामागें फिल्म अवघी एक मिलिमीटर मागें सरकली, तर दूरच्या डोंगरावर नेम धरलेला असतांहि स्पष्ट येईल तें सुमारें ५३ फुटांवरचें झाड. ती पांच मिलिमीटर सरकली, तर अकरा फुटांपलीकडचें सारेंच धूसर. आणि ४×५ इंची फिल्म ज्या धारकांत घालतात, त्यांत ती पुढच्या कडेपासून जवळजवळ पांच मिलिमीटर आंतच बसते! म्हणून कॅमेऱ्याच्या मूळ पाठीवर हा धारक नुसता चिकटवून भागत नाहीं. तितका भाग कापून काढावा लागतो, घासलेल्या कांचेवर प्रतिमा पडताळावी लागते, आणि अंतरमापकहि नव्यानें जुळवावा लागतो. चिरंजीवांच्या करवतीचें रहस्य तें हें.

दुसरी गोष्ट बाजूची. आजकाल मुलांच्या हातीं दिसणारी फुजीची 'इन्स्टॅक्स' फिल्म मागील बाजूनें प्रकाश घेते आणि पुढील बाजूनें चित्र दाखविते. पोलरॉइडची एसएक्स-७० जातीची फिल्म ज्या बाजूनें प्रकाश घेते, त्याच बाजूनें चित्र दाखविते. म्हणून तिच्या कॅमेऱ्यांत आरसा बसवावा लागतो, नाहींतर उजव्याचें डावें होतें. जुन्या भात्याच्या कॅमेऱ्यांत आरसा नाहीं. अर्थात् त्यांना इन्स्टॅक्स मानवते, एसएक्स-७० ची फिल्म मानवत नाहीं. परंतु इन्स्टॅक्सच्या पोटांतील लेप पसरण्यास रूळ हवेत. म्हणून एखाद्या निकामी इन्स्टॅक्स कॅमेऱ्याचा रुळांसह मागचा भाग काढून तो जुन्या कॅमेऱ्याच्या पाठीला जोडतात. मोठ्या इन्स्टॅक्सचें चित्र ९९×६२ मिलिमीटरचें असतें. तत्काळ चित्राची मूळ गंमत टिकवावयाची असेल, त्यांना हाच मार्ग जवळचा.

तिसरी गोष्ट वेगाची. १९६३ नंतरच्या पेटीच्या कॅमेऱ्यांत उघडझांप किती वेळ ठेवावयाची तें एक विजेचा डोळा ठरवितो, आणि त्याला ७५, ३००० असे फिल्मचे जुनेच वेग ठाऊक. इन्स्टॅक्सचा वेग ८००. तेव्हां उजेड-अंधाराची कळ फिरवून त्या डोळ्याची समजूत घालावी लागते, आणि बॅटरी संपली कीं डोळाहि मिटतो. आमचा ११०-ए या बाबतींत सुदैवी. त्याचें शटर पूर्णपणें यांत्रिक असून एका सेकंदापासून सेकंदाच्या तीनशेंव्या भागापर्यंत हातानें लावतां येतें. म्हणूनच या आणि त्याच्या पाठच्या ११०-बी या कॅमेऱ्याला पाठ कापणारांची सर्वांत अधिक मागणी! भिंग जर्मन बनावटीचें रोडेनस्टॉक. तें ४×५ इंचांची जागा कशीबशी व्यापतें, कोपरे थोडे नरम येतात, परंतु एवढ्या मोठ्या फिल्मचा हातांत धरून चालविण्याजोगा कॅमेरा इतक्या हलक्या वजनांत क्वचितच मिळतो. १२० नंबरची रुंद फिल्मसुद्धां अशा कॅमेऱ्यांत घालतां येते. मूळ भेंडोळ्यांच्या खोबणींत तिचीं रिळें बसवावयाचीं, चौकट अरुंद करावयाची, पाठीला फिल्मवरचे आंकडे दिसण्यापुरतें तांबड्या कांचेचें भोंक पाडावयाचें. कापणें येथें थोडें, पण तें आहेच.

हें सर्व वाचून झाल्यावर चिरंजीवांचा आग्रह आम्हांला चुकीचा वाटला नाहीं. न चालणाऱ्या यंत्राचा मान राखणें म्हणजे तें धुळींत ठेवणें नव्हे, हें त्याचें म्हणणें खोटें कसें म्हणावें? परंतु एकदां कापलेली पाठ पुन्हां जुळत नाहीं, हेंहि तितकेंच खरें.

अशा वेळीं काकूंनीं आपल्या पेटींतून एक कागद आणून आमच्यापुढें ठेवला. लग्नानंतर, १९६१ सालीं, काकांनीं याच कॅमेऱ्यानें काढलेला हा त्यांचा फोटो. या फिल्मच्या चित्रावर लगेच एक ओला बोळा फिरवून संरक्षक लेप द्यावा लागे, नाहींतर चित्र विरत जाई. त्या दिवशींच्या गडबडींत तें राहून गेलें असावें. कागदावर आतां दाराची चौकट आणि अर्धा पदर एवढेंच दिसतें. चेहऱ्याच्या जागीं पिवळट डाग आहे. निगेटिव्ह तर त्याच मिनिटाला फेंकून दिलेली. "त्यांनीं काढलेला माझा एवढा एकच फोटो," काकू म्हणाल्या, "आणि त्यांत मीच नाहीं. कापा म्हणत नाहीं, कापूं नका म्हणत नाहीं. पण आधीं आहे तसाच एकदां चालवून बघा."

आहे तसा चालविण्याचा एक मार्ग आहे, आणि तो सर्वांत स्वस्तहि आहे. फोटो छापण्याचा साधा कृष्णधवल कागद तांबड्या दिव्याखालीं कापून, मूळ फिल्मच्याच चौकटीवर काळ्या चिकटपट्टीनें बसवावयाचा आणि पाठ लावून घ्यावयाची. फिल्म ओढून घेण्याची फटहि त्याच पट्टीनें बुजवावी. एका वेळीं एकच चित्र निघतें, परंतु कॅमेऱ्याला ओरखडासुद्धां उठत नाहीं. आमचे पहिले दोन कागद काळेठिक्कर निघाले. अंधाऱ्या न्हाणीघरांत भात्याच्या आंत विजेरी धरल्यावर घडीच्या कोपऱ्यांत तीन चांदण्या दिसल्या. तीं भोंकें चिरंजीवांनीं काळ्या रंगानें बुजविलीं.

कागदाचा वेग अगदीं मंद, सुमारें सहा. भर उन्हांत एफ/१६ छिद्राला सेकंदाचा सहावा भाग लागतो. ओसरीच्या सावलींत एफ/८ ठेवूनहि जवळजवळ एक सेकंद. कॅमेरा तिवईवर हवा आणि माणूस स्थिर. शिवाय या कागदाला तांबडा रंग दिसत नाहीं. लाल लुगडें काळें येतें, कुंकू तर शाईच्या टिपक्यासारखें. म्हणून काकूंनीं मोतिया रंगाचें पातळ नेसावें असें आम्हीं सुचविलें. त्यांनीं तें ऐकलें नाहीं. त्या त्याच चौकटींत, लाल काठाच्या लुगड्यांत उभ्या राहिल्या, आणि चिरंजीव मोठ्यानें "एक" म्हणेपर्यंत हलल्या नाहींत.

डेव्हलपरच्या ताटलींत दीड मिनिटांत प्रतिमा वर आली : काळा चेहरा, पांढरे काठ, सारेंच उलटें. काकूंनीं ती पाहून तोंड फिरविलें. निगेटिव्ह धुऊन वाळविली, दुसऱ्या दिवशीं कोऱ्या कागदावर पालथी घातली, वर कांच ठेवली आणि दिवा क्षणभर लावला. तेव्हां कोठें सुलट चित्र निघालें. एका मिनिटाच्या कॅमेऱ्याला या वेळीं दोन दिवस लागले.

परंतु या वेळीं निगेटिव्ह आमच्या हातांत आहे. आमच्या चार चुलत भावांच्या बिऱ्हाडीं एकेक प्रत गेली, पांचवी काकूंच्या पेटींत १९६१ च्या त्या कागदाशेजारीं आहे. चिरंजीवांनीं मोडक्या कॅमेऱ्याचा शोध चालविला आहे. तुटक्या भात्याचा वा निकामी झालेला एखादा मिळाला, तर त्याची पाठ त्यांनीं अवश्य कापावी, आमचें कांहीं म्हणणें नाहीं. आमच्या वाचकांनाहि आमचें सांगणें एवढेंच : करवत हातीं घेण्यापूर्वीं पन्नासेक रुपयांची काळी चिकटपट्टी आणून पाहावी.